संक्रांतीच्या यादीतले सात

आमच्या लांडक्राइसमध्ये, म्हणजे जर्मनीच्या बायर्न प्रांतातल्या त्या ग्रामीण जिल्ह्यात, कुठल्या गावात किती भारतीय राहतात याची मोजणी आमच्या लोकांनी हळदीकुंकवाच्या यादीवरून केली होती. हे मला कळलं तेव्हा त्या गावात राहायला येऊन आम्हाला दोन वर्षं झाली होती. दर आठवड्याला ठरल्या वारी ठरल्या रंगाचा कचऱ्याचा डबा आम्ही दाराबाहेर ठेवत होतो, जिन्याची पाळी आली की जिना पुसत होतो, आणि आमच्याच लोकांच्या हिशेबात आम्ही त्या गावात राहतच नव्हतो. मी नव्हते, माझा नवरा नव्हता, माझी सात वर्षांची मुलगी नव्हती. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. लोक म्हणतात, राग विसरावा. मला विसरायचा नाही, म्हणून लिहून ठेवते आहे.

इंगोलश्टाटमध्ये मोटारींचा मोठा कारखाना, आणि त्याच्या भोवती सुटे भाग बनवणाऱ्या, ते तपासणाऱ्या लहानमोठ्या कंपन्या. दोन हजारनंतरच्या त्या पहिल्या दशकात त्यांत आपल्याकडचे इंजिनिअर भराभर येऊ लागले. आम्ही दोघंही अशाच एका कंपनीत ब्रेकच्या चाचण्या करायचो. शहरात घर मिळायचं नाही. फोनवर आडनाव सांगितलं की घरमालक म्हणायचा, कालच गेलं. मग ज्या गावात कुणी दार उघडेल तिथे माणूस जायचा. असे आम्ही सगळ्या जिल्ह्यात शिंपडल्यासारखे पसरलो. स्टेशन असलेल्या गावात पुण्याच्या एकाच उपनगरातली सहा कुटुंबं एका इमारतीत. एकाने दुसऱ्याला ओढून आणलं होतं. नदीकाठच्या गावात हॉस्पिटल होतं, तिथे केरळच्या नर्सबाया होत्या. त्या आमच्या कितीतरी आधी आलेल्या, पण आमच्यातलं कुणी त्यांना भारतीय म्हणून धरतच नसे. टेकडीवरच्या गावात एक पंजाबी गृहस्थ पिझ्झा विकायचे. आणि या सगळ्यांच्या मधोमध आमचं गाव, जिथे चर्च, बेकरी, राटहाउस म्हणजे गावची कचेरी, आणि दोन बसथांबे होते.

जर्मन घरमालकाला आडनाव नको होतं, हे मी समजू शकत होते. त्याला आम्ही सगळे सारखेच नको होतो. आमच्या लोकांना मात्र आडनाव नीट ऐकायचं होतं. गावात नव्या वसाहतीत राहणाऱ्या एक वहिनी होत्या, सगळ्या जिल्ह्यातल्या मराठी कुटुंबांचा कारभार त्याच बघायच्या. गणपती, दिवाळीचा फराळ, भारतातून येणाऱ्यांच्या बॅगेत कोणाचं काय बसेल, सगळं त्या ठरवायच्या. पहिल्याच भेटीत त्यांनी माझं आडनाव विचारलं. आडनाव ऐकून गाव विचारलं. औरंगाबाद म्हटल्यावर औरंगाबादमध्ये कुठे, ते विचारलं. मी वस्तीचं नाव सांगितलं, मग म्हटलं, "आम्ही बौद्ध आहोत." त्या छान हसल्या आणि म्हणाल्या, "अय्या, असं काही नसतं हो इथे. इथे आपण सगळे इंडियन." त्यानंतर दोन वर्षांत त्यांचा मला एकदाही फोन आला नाही.

मला फोन नकोच होता. हळदीकुंकू मी करत नाही, बोलावलं असतं तरी गेले नसते. माझी अडचण वेगळी होती. माझ्या मुलीला मराठी समजायचं, पण तोंडातून यायचं नाही. मी मराठीत विचारलं की ती जर्मनमध्ये उत्तर द्यायची. रविवारी दुपारी आम्ही कॉलिंग कार्ड लावून आईला फोन करायचो. आई निवृत्त प्राथमिक शिक्षिका. आमच्या घराण्यात शाळेची पायरी चढलेली ती पहिली बाई, आणि तिची नात तिच्याशी बोलताना फक्त "या, या", म्हणजे जर्मनमधलं हो हो, एवढंच म्हणायची. आई कौतुकाने ऐकून घ्यायची. मग मी फोन घेतला की हळूच म्हणायची, "मला तिचं काहीच कळत नाही गं. निदान मी आहे तोवर दोन वाक्यं तरी बोलेल का ती माझ्याशी?" आईला तेव्हा हृदयाचा त्रास सुरू झालेला होता. मला त्या दोन वाक्यांची घाई होती.

म्हणून शनिवारच्या मराठी शाळेची बातमी कानावर आली तेव्हा मी हरखून गेले. राटहाउसच्या मागे जुन्या शाळेची इमारत होती, त्यातली एक खोली शनिवारी सकाळी रिकामी होती. गावातले गट मागतील त्यांना मिळायची. अट एकच, गटात त्या गावचे निदान बारा रहिवासी हवेत, मुलं धरून. दुसऱ्या गावांतले कितीही आले तरी चालतील. वहिनींनी अर्ज केल्याचं ऑफिसातल्या एकाने सांगितलं. शाळा सर्वांसाठी आहे, असंही तो म्हणाला. मी मुलीसाठी वह्या आणल्या, चार रेघांच्या.

मग एका सोमवारी त्यानेच सांगितलं की अर्ज फेटाळला. गावात बारा भारतीय नाहीतच, सातच आहेत.

मी घरी आले, भाताचा कुकर लावला, आणि वहिनींना फोन केला. म्हटलं, "सात कसे? आम्हीच तिघं आहोत."

"अहो हो की," त्या म्हणाल्या. "पण ती लिस्ट ना, संक्रांतीची होती. यांनी एक्सेलमध्ये छान करून ठेवलीय, गाव, बाईचं नाव, मिस्टर, मुलं, वाण किती लागेल. रेडीच होती. यांनी आपल्या गावाचा फिल्टर लावला आणि प्रिंट काढली. सात आले."

 त्या पुढे बोलत राहिल्या. "तुम्ही येत नाही ना हळदीकुंकवाला, म्हणून तुमची एन्ट्री नाहीये."

"मला कधी बोलावलंच नाही तुम्ही."

"तसं नाही हो. म्हटलं तुम्हाला चालेल की नाही. उगाच अवघडायला नको कोणाला."

ही जी काळजी आहे ना, तिच्याइतका संताप मला दुसऱ्या कशाचा येत नाही. तोंडावर कुणी म्हणालं की तुम्ही आमच्यातल्या नाही, तर निदान भांडता येतं. इथे मला अवघडायला होऊ नये म्हणून मला गावातूनच काढून टाकलं होतं. आणि हे करणारी माणसं शिकलेली. यादी करणारे गृहस्थ इंजिनमधल्या कंपनाचा दशांश भाग मोजायचे आणि त्यात चूक झाली तर त्यांना झोप लागायची नाही. माणसं मोजायला मात्र त्यांनी वाणाच्या वाट्या मोजल्या.

मंगळवारी मी ऑफिसातून दोन तास मागून राटहाउसमध्ये गेले. काउंटरवर एक वयस्क कारकून होते, जाड चष्मा, विणलेलं जाकीट. मी म्हटलं, फेटाळलेल्या अर्जात चूक आहे, आम्हीही याच गावचे. त्यांनी संगणकात पाहिलं. नावं मला सांगता येणार नाहीत, म्हणाले, पण नोंदणीप्रमाणे या गावात बारा भारतीय आहेत. सातांची यादी आली तेव्हा त्यांनाही नवल वाटलं होतं. "मला वाटलं, बाकीच्या पाच जणांना शाळा नको असेल," ते म्हणाले. खोलीवर अकॉर्डियन वाजवणाऱ्या एका गटाचाही डोळा होता. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत बारा सह्यांचा नवा कागद दिला तर खोली तुमची, असं त्यांनी सांगितलं, आणि कोरा फॉर्म हातात ठेवला.

बाहेर येऊन मी हिशेब केला. सात ते, तीन आम्ही. झाले दहा. उरलेले दोन कोण, हे मला माहीत नव्हतं. ते मी वहिनींनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "त्या एक आहेत. बेकरीत असतात. आणि त्यांचा मुलगा. मिस्टर वारले हो त्यांचे, इथेच, तीनेक वर्षं झाली. मग संक्रांतीला कसं बोलावणार? त्यांनाच वाईट वाटेल ना."

बेकरीतल्या बाईंना मी दोन वर्षं ओळखत होते. दर शनिवारी मी त्यांच्याकडून पाव घ्यायचे. त्या इतकं सफाईदार जर्मन बोलायच्या, अगदी त्या भागातल्या हेलासकट, की मी त्यांना श्रीलंकेच्या समजून बसले होते. कधी विचारलं नव्हतं.

बुधवारी सकाळी बेकरीत गर्दी ओसरल्यावर मी काउंटरपाशी उभी राहिले आणि मराठीत म्हटलं, "ताई, थोडं बोलायचं होतं."

त्यांनी हातातला चिमटा खाली ठेवला. "बोला," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही मुलीशी मराठीत बोलता, ते मी दोन वर्षं ऐकतेय. ती जर्मनमध्ये उत्तर देते, तेही ऐकते."

"मग तुम्ही कधी बोलला का नाहीत?"

"मला वाटलं तुम्ही त्यांच्यातल्याच. तुम्हाला माझ्याबद्दल सांगितलेलं असणार आणि म्हणून तुम्ही माझ्याशी जर्मन बोलता."

मी त्यांना सगळं सांगितलं, खोलीचं, यादीचं, सातांचं. त्या ओला फडका घेऊन काउंटर पुसत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "ती यादी माझी आहे." त्या या जिल्ह्यात आल्या तेव्हा इथे मराठी म्हणावं असं कुणी नव्हतं. नवीन कुटुंब आलं की त्या आणि त्यांचे यजमान स्टेशनवर घ्यायला जायचे, आनमेल्डुंगचा, म्हणजे रहिवासी नोंदणीचा, फॉर्म भरून द्यायचे, डाळ-तांदूळ कुठे मिळतात ते दाखवायचे, आणि एका वहीत गाव आणि नाव लिहून ठेवायचे. वहिनींना पहिल्या दिवशी जेवायला त्यांनीच घातलं होतं. यजमान गेल्यावर वहिनी भेटायला आल्या, रडल्या, आणि जाताना म्हणाल्या, तुमच्यावर आता आणखी भार नको, वही माझ्याकडे द्या. त्यानंतरच्या संक्रांतीला फोन आला नाही.

"सही कराल?" मी विचारलं.

"करते. पण त्यांच्या यादीच्या खाली नाही. नवा कागद आहे ना तुमच्याकडे? त्यावर पहिलं नाव माझं."

मी फॉर्म पुढे केला. अर्जदाराच्या रकान्यात त्यांनी ठळक अक्षरात नाव लिहिलं, खाली मुलाचं. मग मी माझं, नवऱ्याचं, मुलीचं लिहिलं. पाच झाले. मला त्या क्षणी फार बरं वाटलं. आता बघू कोण कोणाला गाळतं, असं वाटलं.

संध्याकाळी मी मुलीला घेऊन वहिनींकडे गेले. त्यांनी दार उघडलं, आम्हाला आत घेतलं, चहाचं विचारलं. मी नको म्हटलं आणि कागद टेबलावर ठेवला. सातांतले चार त्यांच्या घरचे आणि तिघं त्यांच्या शेजारचे, आणि शेजारचे त्यांच्या शब्दाबाहेर नव्हते. त्यांनी कागद वाचला. "पहिलं नाव ह्यांचं?"

"अर्ज त्यांचा आहे."

"अर्जदार मी होते ना पण." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "अहो, मुलांच्या विद्येचं काम आहे. शुभारंभाचा कागद. मी असलं काही मानत नाही, खरंच. पण बाकीच्यांना वाटतं. खाली लिहा ना त्यांचं, कुठेही. नवा फॉर्म काढू आपण."

"तुम्ही मानत नाही, तर सही करा."

"ह्यांना विचारून सांगते. उद्या फोन करते, नक्की."

तेव्हा माझा तोल गेला. मी त्यांना म्हटलं, तुमच्या पोरांना अक्षरओळख मिळाली नाही तरी चालेल, पण विधवेच्या नावाखाली नाव नको, असंच ना. मी म्हटलं, या बाईने तुम्हाला पहिल्या दिवशी गरम जेवायला घातलं, ते चाललं का. त्या पांढऱ्या पडल्या आणि म्हणाल्या, "मुलांसमोर नको." मी कागद उचलला आणि मुलीचा हात धरून निघाले. घरी पोचेपर्यंत आणि पोचल्यावरही मी बोलतच होते. नवरा म्हणाला, "पुरे आता." मला ते पुरे होण्यासारखं वाटत नव्हतं. जेवताना बोलले, भांडी घासताना बोलले. मुलगी चार रेघांच्या वहीत चित्रं काढत बसली होती.

गुरुवारी फोन आला नाही. मी दोनदा केला, उचलला नाही.

शुक्रवारी सकाळी मला वाटलं, नवा फॉर्म काढावा. ताईंना सांगावं, तुमचं नाव खाली लिहू, मुलीसाठी एवढं करा, माझी आई वाट बघतेय. हा विचार माझ्या मनात आला होता, हे मी लपवत नाही. पण साडेअकराला मुलीला शाळेतून घेऊन मी राटहाउसच्या दाराशी पोचले तर ताई आधीच येऊन उभ्या होत्या. कोटाखाली बेकरीचा एप्रन तसाच होता. सुट्टी मागून आल्या होत्या. त्यांना बघून माझ्या तोंडून ते निघालं नाही.

कारकुनांनी कागद वाचला, बोटाने नावं मोजली, चष्मा वर केला. "आधीच्या अर्जात सात होते, त्यात तुम्ही पाच नव्हता," ते म्हणाले. "आता तुम्ही पाच आहात आणि ते सात नाहीत. सगळे मिळून बारा होतात की. मला समजत नाही. तुमच्यात काही भांडण आहे का?"

ते मनापासून विचारत होते. आणि मी, जी आठवडाभर भिंतींशीसुद्धा भांडत होते, ती पटकन म्हणाले, "नाही, नाही. भांडण कसलं. त्यांना शनिवारी सकाळी वेळ नसतो."

का म्हणाले? त्या जर्मन माणसासमोर आमचं उघड्यावर पडू नये म्हणून. ज्यांनी मला गावातून पुसलं त्यांची अब्रू मी झाकत होते. ताईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. 

"दस श्टिम्ट निश्ट, ममा," मुलगी म्हणाली. खरं नाहीये ते.

मग काउंटरच्या कडेला हनुवटी टेकवून तिने कारकुनांना सगळं समजावून सांगितलं, स्वच्छ जर्मनमध्ये, वर्गात धडा सांगतात तसं. या बाईंचा नवरा मेला म्हणून ते लोक त्यांच्या नावाखाली सही करत नाहीत. आणि आम्हाला बोलावत नाहीत, कारण आमचं आडनाव आजीच्या वस्तीतलं आहे. यादी या बाईंची होती, ती त्यांनी घेतली आणि यांनाच खोडलं. "म्हणून आता आम्ही त्यांच्या घरचं पाणी प्यायचं नाही," ती म्हणाली. "त्यांच्या हातचं पण नाही. काल खेळाच्या तासाला त्यांच्या मुलीने मला तिची बाटली दिली. मला खूप तहान लागली होती. पण मी घेतली नाही."

आठवडाभर मी मराठीत जे जे बोलले होते त्यातला एक शब्द तिने गाळला नव्हता. पाण्याचं मी बुधवारी भांडी घासताना म्हटलं होतं, कोणाकडे न बघता, रागाच्या भरात. माझ्या आईला लहानपणी गावच्या आडाला हात लावू देत नसत. कुणीतरी वरून ओतायचं आणि ती ओंजळीत प्यायची, तेही ओतणाऱ्याची मर्जी असेल तर. हे मी मुलीला अजून सांगितलेलं नव्हतं. जरा मोठी झाल्यावर सांगू, म्हणून राखून ठेवलं होतं. तिला त्यातलं माझ्याकडून पहिल्यांदा मिळालं ते हे.

कारकुनांनी कागदावरची नावं पुन्हा एकदा मोजली. नियम बाराचा आहे, म्हणाले, पाच नावांवर मला खोली देता येत नाही. त्यांचा आवाज अगदी हळू झाला होता. त्यांनी फॉर्म परत दिला आणि मुलीला विचारलं, पाणी हवं का. ती माझ्याकडे बघायला लागली, घेऊ का म्हणून.

"घे," मी म्हटलं.

पायऱ्या उतरताना ताई म्हणाल्या, "मराठी येतं की तिला. जे शिकली ते बरं म्हणत नाही मी, पण येतं." मग बेकरीची वेळ झाली म्हणून त्या निघाल्या. पुढच्या आठवड्यापासून दर शनिवारी दुपारी मुलीला माझ्याकडे पाठवा, असं जाता जाता म्हणाल्या, आणि पुढे कित्येक वर्षं ती त्यांच्या स्वयंपाकघरात बसून शिकली. पण त्या आठवड्यातला रविवार त्याच्या आधी आला. आईचा आवाज थकलेला होता. शाळेचं काय झालं, तिने विचारलं. मी तिला खोली मिळाली नाही एवढंच सांगितलं. पाण्याचं सांगायला माझी जीभ रेटली नाही.